बसून

मिरजेहून आत्याचा फोन आला की आधी पावसाची चौकशी होते, मग माझ्या वजनाची, आणि मग गाडी माझ्या मुलीवर, ईरावर येते.

"ईरा काय वाजवते म्हणे सध्या?"

"बसून."

"हो, बसूनच वाजवणार. पण वाजवते काय?"

"बसूनच गं आत्या. बसून नावाचं वाद्य आहे."

"अरे, उभ्याने वाजवायला ती काय ताशावाली आहे? चांगल्या घरचे सगळे बसूनच वाजवतात. वाद्याचं नाव सांग."

असं चार मिनिटं चाललं. शेवटी आईने माझ्या हातून फोन काढून घेतला. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंडियानात आली आहे आणि अवघड कामं ती माझ्यावर सोडत नाही. "सनई आहे गं," ती म्हणाली, "फक्त माणसाएवढी. आणि घशात कफ साठल्यासारखी बोलते. ठेव आता."

या व्याख्येत मला आजवर खोट काढता आलेली नाही. बसून हे सनईसारखंच दुहेरी पत्तीचं, म्हणजे रीडचं, वाद्य. फरक आकाराचा. बसूनची नळी सरळ केली तर आठ फुटांच्या वर जाते. एवढी नळी तोंडात धरून वाजवायची तर बोटं भोकांपर्यंत पोचण्यासाठी दुसरा माणूस नेमावा लागेल, म्हणून ती मधोमध दुमडलेली असते. दुमडूनही उभी केली की साडेचार फुटांच्या आसपास भरते. इटलीत याला फागोत्तो म्हणतात आणि त्याचा अर्थ लाकडांची मोळी असा सांगतात. हे आईला सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "केवढ्याला पडली मोळी?"

मी आकडा सांगितला नाही. एवढंच म्हणालो की तेवढ्यात बरी चालणारी जुनी टोयोटा आली असती. आई म्हणाली, "टोयोटा निदान आपणहून कोरडी होते." पण हे पुढे, अनुभवातून म्हणाली.

झालं असं की इकडच्या शाळांत सहावीत बँड सुरू होतो. मुलं रांगेने बासरी, ट्रम्पेट, सॅक्सोफोन मागतात. बँडच्या सरांना मात्र एक बसूनवाला हवा असतो, आणि बसून हवा असं कुठलंही मूल आपणहून म्हणत नाही. मग सर लांब बोटांचं, शांत स्वभावाचं आणि ज्याच्या आईबापांना नाही म्हणता येत नाही असं मूल हेरतात. आम्हाला बोलावून त्यांनी सांगितलं, की बसून वाजवणारे फार कमी असतात, त्यामुळे पुढे कॉलेजात याला स्कॉलरशिप मिळण्याची शक्यता असते. आता स्कॉलरशिप हा शब्द कानावर पडला की मराठी आईबापांना पुढचं काही ऐकू येत नाही. पुढे सर रीडबद्दल, दुरुस्तीबद्दल, विम्याबद्दल बरंच काही बोलत होते असं माझी बायको अमृता म्हणते. मला त्यांचे फक्त ओठ हललेले आठवतात.

पहिली दोन वर्षं शाळेचा प्लास्टिकचा बसून होता. तो काळाकुट्ट, दणकट, आणि कितीही टाकला तरी न रुसणारा होता. त्यावर ईराने रडत-खडत सूर काढले आणि आठवीत बसून शिकवणाऱ्या बाईंनी जाहीर केलं की आता लाकडाचा हवा. मॅपलच्या लाकडाचा. योगायोग असा की बसून बनवणारी फॉक्स कंपनी आमच्याच राज्यात, साउथ व्हिटली नावाच्या चिमुकल्या गावात आहे. शिकागो सिंफनीत बसून वाजवणाऱ्या ह्यूगो फॉक्स यांनी ती १९४९ साली काढली. हे ऐकून आईला पहिल्यांदा इंडियाना राज्याबद्दल आपुलकी वाटली. "म्हणजे तुमची मिरजच की," ती म्हणाली. आमचं बालपण मिरजेत सतारमेकर गल्लीच्या हाकेच्या अंतरावर गेलं. भोपळे वाळत घातलेले, तंबोऱ्यांच्या दांड्या भिंतीला टेकलेल्या, हे बघत आम्ही शाळेत जायचो. घरात आत्याचा तंबोराही होता. त्यामुळे वाद्य म्हणजे काय असतं हे आपल्याला माहीत आहे, असा आईचा आणि माझा दोघांचाही समज होता. तंबोऱ्याला लागतं काय? कोपरा, गवसणी आणि वर्षाकाठी एकदा जवारी.

बसून घरी आला त्या दिवशी पेटी उघडली. मखमलीच्या खाचांमध्ये पाच तुकडे झोपलेले. ईराने ओळख करून दिली. हा पंख. हा बूट. ही लांब नळी. ही घंटा. आणि हा बोकल. बोकल ही बोक्याच्या शेपटासारखी वळलेली धातूची नळी. ती पंखात खोचतात आणि तिच्या टोकाला रीड लावतात. सगळ्यांत लहान तुकडा आणि सगळ्यांत नाजूक. टोकाला धरून दाबला तर वाकतो, म्हणून वळणाला धरायचा. त्याच्या अंगावर तिळाएवढी एक नळी डकवलेली असते, ती मोडली तर खालचे सूर खालच्या घरात राहत नाहीत, उडी मारून वर जातात. त्या तिळावर बसणाऱ्या कळीचं नाव कुजबुज-कळ. एवढ्या अवाढव्य वाद्यातला सगळ्यांत महत्त्वाचा अवयव कुजबुजणारा असावा, हे मला आमच्या घराकडे बघून पटलं.

कळा सगळ्या मिळून पंचवीसएक. उजव्या अंगठ्याखाली जी मोठी चपटी कळ असते तिला इकडे पॅनकेक म्हणतात, म्हणजे आपलं धिरडं. डाव्या अंगठ्याची कथा याहून करुण आहे. त्या एकट्याच्या वाट्याला नऊ कळा येतात.

"एका अंगठ्याला नऊ कळा?" आई म्हणाली. "मला तुझ्या वेळी एवढ्या नव्हत्या आल्या."

मग खरेदी सुरू झाली. वाद्य घेतलं म्हणजे वाद्य आलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वाद्य घेतलं म्हणजे मुलगी ठरली, एवढंच. मानपान पुढे असतो. बाईंनी दिलेल्या यादीत पंखासाठी एक रेशमी रुमाल होता, बुटासाठी दुसरा होता, बोकलसाठी लांबलचक लवचीक ब्रश होता. सांध्यांच्या बुचाला लावायचं ग्रीस, आणि काही सांध्यांना बुचाऐवजी दोरा गुंडाळलेला असतो त्याच्यासाठी मेण. कळांखालची धूळ झटकायला मऊ ब्रश. पेटीत ठेवायचा आर्द्रतामापक. पेटीतलीच हवा ओलसर ठेवणारा एक छिद्रांचा डबा, ज्यात भिजवलेला स्पंज असतो. रीडची हवेशीर डबी, कारण बंद डबीत रीडला बुरशी येते. उजव्या हाताला टेकायला एक कुबडी. आणि बसायचा पट्टा.

या पट्ट्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढे त्याच्याशी माझा जवळून संबंध येणार आहे. बसून मांडीवर ठेवता येत नाही, गळ्यात अडकवला तर मान जाते. म्हणून खुर्चीवर आडवा एक चामड्याचा पट्टा टाकतात. त्याच्या एका टोकाला आकडा किंवा चामड्याची वाटी असते, त्यात बुटाचं बूड अडकवतात. बाकीच्या पट्ट्यावर वाजवणारा बसतो. झालं. एवढीच यंत्रणा. वाद्याचा सगळा भार वाजवणाऱ्याच्या बैठकीखाली दाबून धरलेला असतो. तो उठला की वाद्य कोसळलं. बसून हे नाव मराठीत कुणी दिलं नसेल, पण ज्याने कुणी दिलं असतं त्याने हेच दिलं असतं.

हा पट्टा मुलं विसरतात. बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सगळी मुलं कधी ना कधी पट्टा विसरतात, दोन घेऊन ठेवा. आम्ही दोन घेतले. अमृताने एकावर "घर" आणि दुसऱ्यावर "शाळा" असं मार्करने लिहिलं. आमच्याकडून जेवढी काळजी घेणं शक्य होतं तेवढी आम्ही घेतली, हे इथे नोंदवून ठेवतो.

नव्या लाकडी बसूनला लगेच तासन् तास वाजवायचं नसतं. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. मग हळूहळू वाढवत न्यायचं. कारण असं की इतके दिवस कोरडं असलेलं लाकूड अचानक आतून गरम, दमट श्वासाने भिजतं आणि बाहेरून कोरडंच राहतं. त्याला सवय व्हायला वेळ लागतो. बाहेरून थंडीतून आणला की लगेच वाजवायचा नाही, आधी खोलीत निवांत ठेवायचा. हीटरच्या झरोक्याजवळ नको. गाडीत तर मुळीच नको. प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर आतून पुसून कोरडा करायचा. दोन-तीन महिन्यांनी तपासणीला न्यायचा, कारण नवं लाकूड बसतं-सरकतं आणि कळा मग नीट झाकत नाहीत.

या सूचनांचा बाईंचा कागद मी आईला वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती.

"गार वारा लागू द्यायचा नाही. श्रम बेताचे. दमट-कोरडं सांभाळायचं. वेळच्या वेळी पुसायचं. दोन महिन्यांनी दाखवून यायचं." तिने डोळे उघडले. "अरे, हे बाळंतिणीचं आहे सगळं. हे सांगायला परदेशी बाई कशाला लागते?"

आणि तिने बाळंतपण हातात घेतलं. जानेवारी होता. बाहेर उणे दहा आणि आत भट्टी. हीटरने इथल्या घरांची हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते. अशा हवेत लाकूड आकसतं, दोऱ्याचे सांधे सैल होतात आणि त्यांवर दोऱ्याचे दोन-चार वेढे जास्त द्यावे लागतात. उन्हाळ्यात उलट, लाकूड फुगतं आणि तेच वेढे काढावे लागतात. आईने ईराच्या खोलीतला झरोका पुठ्ठ्याने बंद केला. जुन्या सुती साडीची गवसणी शिवली. तंबोऱ्याची शिवायची सवय असल्यामुळे ती खाली भोपळ्याएवढी रुंद झाली, पण असू दे. मग तिने घंटेला कानटोपी विणली. हिरवी, वर गोंडा. ईराने ती शाळेत न नेण्याच्या अटीवर मान्य केली. धुरीचा विषय निघाला तेव्हा मी नुसतं छताच्या स्मोक अलार्मकडे बोट दाखवलं. तिळाचं तेल चोळण्यावरून दोन दिवस अबोला होता. बाईंचं म्हणणं होतं की लाकडाला तेल द्यायचं की नाही ते दुरुस्तीवाल्यांनाच ठरवू दे. घरी तेल फक्त कळांच्या दांड्यांना, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. "एवढंसं?" आई म्हणाली. "एवढ्याने टाळूसुद्धा भिजायची नाही." डिंकाचे लाडूही झाले. ते बसूनला देता येईनात म्हणून मी खाल्ले. दीड महिना. अमृताने हे सगळं शांतपणे बघितलं आणि सेलमध्ये मला एक काळी पँट आणली, कंबर दोन इंच पुढची धरून.

पण आईचं मन खरं रमलं ते बुटात. बूट म्हणजे बसूनचा सगळ्यांत खालचा, जाड तुकडा. त्यात शेजारी-शेजारी दोन भोकं असतात, एक अरुंद, एक रुंद, आणि तळाशी ती एका वाकड्या धातूच्या नळीने जोडलेली असतात. वाजवताना तोंडची वाफ गार होऊन सगळी तळाशी येऊन साचते. अरुंद भोकाला आतून कडक रबराचं अस्तर असतं, त्याला पाण्याचं भय नाही. रुंद भोक मात्र उघडं लाकूड. त्यामुळे बूट उलटा करायचा तो असा की पाणी अरुंद बाजूनेच बाहेर यावं. चुकून रुंद बाजूने ओतलं की लाकूड पाणी प्यायला लागतं, आणि कुजायला सुरुवात तिथून होते.

आईला हे एका वाक्यात समजलं. "म्हणजे मोरी एकीकडे, माजघर दुसरीकडे. मोरीचं पाणी माजघरात येता कामा नये." तेव्हापासून रात्री नऊ वाजता आमच्या घरात आवाज यायचा, "ईरा, बुटातलं पाणी मोरीकडून काढलंस का?" एकदा अमृताच्या ऑफिसातली एक मराठी मैत्रीण जेवायला आली होती. ती जाताना दारात आपले बूट हातात घेऊन बराच वेळ आत बघत उभी होती.

पुसण्याचं काम एकदा मी अंगावर घेतलं. पंखाच्या रुंद तोंडातून वजनाची दोरी सोडायची, ती अरुंद तोंडातून बाहेर आली की ओढायची, मागून रेशमी रुमाल येतो. म्हणजे आला पाहिजे. रुमाल आधी झटकून मोकळा करायचा असतो हे मला माहीत नव्हतं. तो गाठीसकट आत गेला आणि अर्ध्या वाटेत बसला. चांगल्या रुमालाला दोन्हीकडे दोरी असते, एक पुढे ओढायला आणि दुसरी चूक कबूल करून मागे घ्यायला. आमच्या रुमालाची मागची दोरी मी आदल्याच आठवड्यात "ही कशाला लोंबतेय" म्हणून कापली होती. दुरुस्तीवाल्या बाई पन्नास मैलांवर राहतात. त्यांनी पंख दिव्यापुढे धरला, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे जास्त वेळ बघितलं.

आता रीड. खरं तर इतका वेळ मी याच विषयाला बगल देत होतो. बसूनची पेटी, पट्टा, रुमाल हा खर्च एकदाचा. रीड हा संसार आहे. रीड म्हणजे बोरूसारख्या पोकळ गवताच्या दोन पातळ पात्या, तीन तारांनी आवळलेल्या आणि खाली दोऱ्याचा फेटा बांधलेल्या. हे गवत दक्षिण फ्रान्सातलं नावाजलेलं. कारागीर ते वाळवतात, चिरतात, कोरतात, तासतात, आणि शेवटी अंगठ्याएवढी वस्तू आमच्या दारात येते ती पंचवीस डॉलरला. ती काही आठवडे चालते. कधी काही दिवस. कधी पेटीतून काढताना ईराच्या दाताला लागते आणि चालतच नाही. एका रीडवर भागतही नाही. तीन-चार आलटून-पालटून वापरायच्या असतात, शिवाय एक मैफलीसाठी राखून. आमच्याकडे राखून ठेवलेल्या रीडला "पाहुण्यांची रीड" म्हणतात.

विवाल्डी नावाच्या इटालियन गृहस्थाने बसूनसाठी ३९ कॉन्चेर्तो लिहिले, त्यातले दोन अपुरे राहिले. लोक विचारतात दोन का राहिले. मी विचारतो, सदतीस पुरे कसे झाले? रीडचे पैसे कोण देत होतं?

रीड कोरडी वाजत नाही. आधी पाण्यात काही मिनिटं भिजवावी लागते. त्यासाठी बाईंनी ईराला एक काळी प्लास्टिकची डबी दिली, राखाडी झाकणाची. जुन्या काळची कॅमेऱ्याच्या रोलची डबी. बसूनवाले लोक ती जपून वापरतात, पाणी सांडत नाही आणि रीड उभी राहते. ईराने ती उलटी-सुलटी करून बघितली. "बाबा, यात आधी काय असायचं?" मी म्हणालो, "फोटो." तिने आत वाकून बघितलं.

ती डबी पंधरा दिवसांत हरवली. मग आईने कपाटातून एक स्टीलचं फुलपात्र काढून दिलं. ही व्यवस्था उत्तम होती, फक्त मला कुणी सांगितली नव्हती. रात्री अकराला तहान लागली, स्वयंपाकघरात अंधार, ओट्यावर फुलपात्र भरून ठेवलेलं. पहिल्याच घोटाला ओठांना काहीतरी टोचलं आणि मी दचकून फुंकर मारली. त्या फुंकरीने आमच्या घरात त्या आठवड्यातला सगळ्यांत खणखणीत सूर निघाला. कारण नुसती रीडसुद्धा वाजते. बोकलला न लावता फुंकली की कावळ्यासारखी करकरते, आणि जाणकार तिच्या करकरण्यावरून तिची लायकी ओळखतात. ईरा जिन्यातून खाली आली. "बाबा, ती पाहुण्यांची होती."

बाईंचं म्हणणं, खरे बसूनवाले रीड स्वतःच तासतात. ईरा अजून नुसती बारीक कानशीने घासायला शिकते आहे. दोन पात्यांच्या मध्ये एक पातळ चकती घालायची आणि वरून हलक्या हाताने पावडर निघेल एवढंच खरवडायचं. वाजवून बघायचं. पुन्हा एकदा घासायचं. एक हात जास्त फिरला की पंचवीस डॉलरची पावडर. आई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसते. तिला यातलं सगळं समजतं. मिरजेत जवारी काढणारे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर असेच बसायचे. एकदा कानस फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, परत एकदा. दिवस जायचा. आई ईराला सांगते, "ऐकायचं जास्त, घासायचं कमी." बाई दर आठवड्याला पंचेचाळीस मिनिटांत नेमकं हेच सांगतात, फक्त त्याचे पैसे घेतात.

आणि मग बिडीच्या कागदाचं प्रकरण.

बसूनच्या कळांखाली मऊ गाद्या असतात, त्या भोकं झाकतात. ओलाव्याने त्या चिकटतात आणि कळ उचलली की च्यॅक असा आवाज होतो. उपाय असा की सिगारेट वळायचा पातळ कागद गादीखाली सरकवायचा, कळ हलकेच दाबायची, कागद ओल शोषून घेतो. डिंकाची कड असेल तर ती आधी कापून टाकायची. अशा गाद्या असलेल्या फुंकवाद्यांचे लोक हे करतात, यात गैर काही नाही. पण ते कागद पेट्रोल पंपावरच्या दुकानात, काउंटरच्या मागे, तंबाखूच्या रांगेत मिळतात.

मी गेलो. आयुष्यात कधी असली वस्तू घेतलेली नाही, त्यामुळे नको तेवढं बोललो. "सगळ्यांत पातळ द्या," मी म्हणालो. पोऱ्याने आदराने बघितलं. "डिंक नसलेले आहेत का?" त्याचा आदर वाढला. तेवढ्यात मागून मराठी मंडळाच्या गणपतीची वर्गणी सांभाळणारे काका हातात दुधाचा कॅन घेऊन उभे राहिले. माझ्या हातात तीन पाकिटं होती.

"माझ्यासाठी नाहीत," मी म्हणालो.

"हो का."

"ईरासाठी आहेत."

काकांनी दुधाचा कॅन या हातातून त्या हातात घेतला.

"म्हणजे ती बसून..." मी सुरुवात केली आणि लक्षात आलं की हे वाक्य कसंही पूर्ण केलं तरी ते वाईटच होणार आहे.

मार्चअखेर शाळेचा कार्यक्रम ठरला. प्रोकोफिएव्हचं "पीटर आणि लांडगा". १९३६ सालची, मुलांना वाद्यांची ओळख व्हावी म्हणून रचलेली गोष्ट. तिच्यात प्रत्येक पात्राला एक वाद्य दिलेलं आहे. पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आणि पीटरचे कटकटे, सारखे रागावणारे आजोबा म्हणजे बसून. ईरा आजोबा होती. सरावाच्या वेळी आई डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "अगदी ह्यांचाच आवाज. जेवायला उशीर झाला की असेच यायचे बाहेर."

आम्ही वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो. आईने जरीकाठाची साडी नेसलेली, मी ती नवी काळी पँट घातलेली. लाडू फेब्रुवारीतच संपले होते. पँटची कंबर मात्र त्यांच्यासाठी राखलेली तशीच होती. चौथ्या रांगेत बसलो आणि पडद्याआडून ईरा वाकून खुणा करायला लागली. चेहरा पांढरा.

पट्टा नव्हता. "शाळा" लिहिलेला घरी होता. "घर" लिहिलेला शाळेत, पण कुलूप लावलेल्या बँडच्या खोलीत, आणि किल्लीवाले सर टाय बांधून व्यासपीठाकडे निघालेले. बसूनच्या बाई आल्या होत्या. त्यांना यात काहीच नवीन नव्हतं. त्यांनी शांतपणे सभागृहातल्या बापांच्या कमरांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबवली.

मी कंबरेचा पट्टा काढून दिला. बाईंनी बक्कल लावून त्याचा फास केला, त्यात बुटाचं बूड बसवलं आणि शेपूट ईराच्या खुर्चीवर आडवं टाकलं. ईरा त्यावर बसली. बसून सरळ उभा राहिला. माझी पँट राहिली नाही. मी एका हाताने डावी बाजू, दुसऱ्या हाताने उजवी बाजू धरून जागेवर येऊन बसलो आणि बसल्यावर कळलं की बसलेला असेपर्यंत काही धोका नाही.

आजोबा छान रागावले. एका ठिकाणी कळ चिकटली आणि च्यॅक झालं, पण ते आजोबांना शोभून गेलं. लांडगा पकडला गेला, मिरवणूक निघाली, बदक पोटातल्या पोटात ओरडलं, संपलं. आणि अमेरिकेतल्या शाळांत मुलांनी नुसतं नीट वाकून नमस्कार केला तरी जे होतं ते झालं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या. अमृता उभी. आई गुडघे धरून उभी. शेजारचा ट्रम्पेटवाल्याचा बाप उभा राहून माझ्याकडे बघायला लागला.

"अरे ऊठ!" आई ओरडली. "तुझ्या पोरीसाठी उभे राहिलेत सगळे!"

मी मान हलवली. टाळ्याही वाजवता येत नव्हत्या, हात गुंतलेले होते. मी तोंडाने "वा, वा" म्हणत राहिलो.

रात्री मिरजेत सकाळ झाल्यावर आईने आत्याला फोन लावला. आधी पाऊस झाला, मग माझं वजन झालं. मग आई रंगात येऊन सांगायला लागली. "अगं काय सांगू तुला, पाचशे माणसं असतील. सगळी उठून उभी राहिली. आपला बाळू तेवढा बसून."

पलीकडे आत्या क्षणभर गप्प झाली.

"अगंबाई," ती म्हणाली, "तोही शिकतो का आता?"